पाण्यावरचा राजरस्ता

गेल्या भाद्रपदात फ्रीगंजातील एका स्नेह्यांच्या घरी गणपतीच्या आरतीनंतर मंडळी बसली होती. प्रसाद झाला, चहा झाला, आणि नुकतेच ग्रीस देशाची सफर करून आलेले एक गृहस्थ आपल्या प्रवासाची हकीकत सांगू लागले. पिरेउस बंदरातून सकाळी जहाजात बसावे, निळ्या समुद्रातून पारोस, नाक्सोस, सांतोरिनी अशी बेटे एकामागून एक जवळ यावीत, धक्क्यास लागताच जहाजाचे मागचे प्रचंड दार खाली पडावे आणि त्यातून मोटारी, माणसे व सामानसुमान एकाच गर्दीने बाहेर लोटावे, हे वर्णन त्यांनी मोठ्या रसाळपणे केले. आम्हीही ते मन लावून ऐकले. पुढे बोलण्याच्या ओघात आमच्या गोव्याच्या देवदर्शनाचा विषय निघाला, तेव्हा तेच गृहस्थ म्हणाले, "वकीलसाहेब, तुमच्या त्या दिवाडीच्या फेरीबोटी आता पुरे झाल्या. एक तर पूल बांधून मोकळे व्हा, नाही तर त्या कंत्राटदाराला देऊन दरमाणशी रोख भाडे घ्या. सरकारने फुकटात माणसे कुठवर वाहायची?"

बैठकीतील बहुतेकांनी माना डोलावल्या. आम्ही त्या वेळी यजमानांच्या घरी वाद नको म्हणून गप्प राहिलो. परंतु घरी आल्यावर ती गोष्ट मनातून जाईना. जी नाव परदेशात पाहिली म्हणजे सौंदर्य वाटते, तीच आपल्या मुलखात दिसली म्हणजे मागासलेपणा वाटतो, ही दृष्टी एका गृहस्थाची नाही; आपल्या शिकलेल्या वर्गात ती सर्रास आढळते. तिचा समाचार घेण्यासाठी हा लेख आहे.

ज्यांनी तो मार्ग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी प्रथम थोडी हकीकत सांगतो. दिवाडी हे मांडवीच्या पात्रातील बेट. जुन्या गोव्याहून किंवा रायबंदराहून फेरीबोटीत बसावे, काही मिनिटांत दिवाडीस उतरावे, बेट ओलांडून पलीकडच्या धक्क्यावर जावे, आणि तेथून दुसऱ्या फेरीने नार्व्यास पोहोचावे. नार्व्यास श्रीसप्तकोटेश्वराचे देवालय आहे. हा कदंब राजांचा देव मूळचा दिवाडी बेटावरचा. चौदाव्या शतकात बहामनी स्वारीत देवालय मोडले, विजयनगरच्या माधव मंत्र्याने ते पुन्हा उभारले, सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ते पुन्हा पाडले, आणि भक्तांनी लिंग नदीपार नेऊन नार्व्यास स्थापिले. १६६८ साली श्रीशिवछत्रपतींनी तेथील देवालयाचा जीर्णोद्धार केला, हे वाचकांस ठाऊकच आहे. चोडण बेटावरील देवकीकृष्णही असाच पाणी ओलांडून मयेमार्गे माशेलास गेला. म्हणजे गोव्याच्या देवांचा इतिहास हा पुष्कळ अंशी नदी ओलांडण्याचा इतिहास आहे. आमच्या कोकणी बोलीत नदी उतरण्याच्या जागेस 'तार' म्हणतात आणि नाव हाकणाऱ्यास 'तारी'. जो तारून नेतो तो तारी, आणि देवासही आपण तारणारा म्हणतो. हा शब्दांचा संबंध आमच्या पूर्वजांनी पोथीत वाचून जोडलेला नाही, तर भरतीच्या पाण्यात उभे राहून जोडलेला आहे.

त्या तारीवर आज जी बोट चालते ती दिसावयास काही देखणी नाही. सपाट तळाची, पुढेमागे उघडणाऱ्या फळ्यांची, गंज आणि रंग यांचे थरावर थर चढलेली अशी ती लोखंडी नाव. तिच्यातून शाळेची मुले जातात, मासळीच्या पाट्या जातात, दुचाक्या जातात, बाळंतीण जाते आणि प्रेतही जाते. दिवाडीस जाणाऱ्या माणसास पाण्यावरून जाण्यावाचून गत्यंतर नाही. जे आमच्या स्नेह्यांनी एजियन समुद्रात आठ दिवस हौसेने केले, ते दिवाडीचा माणूस जन्मभर दिवसातून दोनदा करतो, आणि त्यात हौसेचा अंशही नसतो.

आमचे म्हणणे एका वाक्यात सांगावयाचे तर असे की, फेरी ही रस्ता आहे. रस्त्याच्या बाबतीत नागरिकास जे जे मागण्याचा अधिकार आहे, ते ते सर्व फेरीच्या बाबतीतही आहे. आणि रस्त्याच्या बाबतीत जे विचारावयास आपणांस लाज वाटेल, ते फेरीच्या बाबतीतही विचारू नये.

हे आमचे काव्य नव्हे. भारताच्या संविधानाची सातवी अनुसूची उघडून पाहावी. राज्यसूचीतील तेराव्या नोंदीत दळणवळणाची साधने सांगताना रस्ते, पूल आणि तरी ही तिन्ही एकाच ओळीत, एकामागून एक घातली आहेत. घटनाकारांनी तरीला करमणुकीच्या नोंदीत टाकले नाही, व्यापाराच्या नोंदीतही टाकले नाही. पुलाच्या शेजारी बसविले. त्यापूर्वी दृष्टी निराळी होती. उत्तर हिंदुस्थानातील तरींसंबंधीचा १८७८ चा इंग्रजी अमदानीतील कायदा वाचला तर त्यात सरकारी तरीचे उत्पन्न लिलावाने मक्त्यास देण्याची तरतूद सापडते. परक्या सरकारास नदीच्या काठावर उभा असलेला माणूस हा प्रथम जकात देणारा दिसे. आज जे 'कंत्राटदाराला देऊन टाका' म्हणतात, ते नवीन काही सांगत आहेत असे त्यांस वाटते. वास्तविक ते १८७८ सालीच उभे आहेत.

आता तोट्याचा प्रश्न घेऊ. फेरी चालविण्यात सरकारास तोटा येतो, हा आक्षेप आम्ही नेहमी ऐकतो. गोव्याच्या नदी परिवहन खात्याच्या फेरीत पायी उतारूस भाडे पडत नाही, ही गोष्ट खरी. २०२३ साली दुचाक्यांवर भाडे बसविण्याचा घाट घातला गेला तेव्हा बेटांवरचे लोक उठले आणि तो विचार मागे पडला, हीही गोष्ट खरी. पण आमच्या फ्रीगंजकर मित्रांस आम्ही एवढेच विचारतो: जुने उज्जैन आणि फ्रीगंज यांच्यामध्ये रेल्वेचे रूळ आहेत, आणि त्यांवरून आपला पूल गेला आहे. त्या पुलावरून आपण महाकालाच्या दर्शनास जातो, कचेरीस जातो, भाजी आणावयास जातो. आजपर्यंत कोणी आपणांस त्या पुलाचा तोटा किती, असे विचारले आहे काय? २०२८ च्या सिंहस्थाच्या तयारीत त्याच्या जोडीस दुसरा पूल उभा करण्याचे ठरले, तेव्हा फ्रीगंजच्या रहिवाशांनी दरमाणशी रोख भाडे द्यावे, असे कोणी सुचविले काय? रुळांनी तुटलेल्या वस्तीस फुकट पूल मिळणे हा तिचा हक्क, आणि पाण्याने तुटलेल्या वस्तीस फुकट फेरी मिळणे ही मात्र सरकारची मेहेरबानी, हा न्याय कोणत्या स्मृतीतला?

स्मृतीचे नाव निघालेच आहे, तर आपल्या जुन्या ग्रंथांकडेही पाहू. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुसऱ्या अधिकरणात नावध्यक्षाचे प्रकरण आहे. तेथे तरीचे भाडे सांगितले आहे, हे आम्ही लपवीत नाही. परंतु त्याच ठिकाणी ब्राह्मण, संन्यासी, बालक, वृद्ध, आजारी, राजाचा निरोप नेणारा आणि गर्भिणी यांना मोफत उतरू द्यावे असेही सांगितले आहे. ब्राह्मणाची सवलत आजच्या समतेच्या राज्यात कोणी मागू नये, आम्हीही मागत नाही. परंतु बाकीच्या यादीत दिसणारी दया आजच्या हिशेबनिसांच्या कागदांत दिसत नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. माणसे वा साधने अपुरी असल्यामुळे, किंवा दुरुस्ती न केल्यामुळे नाव बुडाली, तर झालेले नुकसान नावध्यक्षाने भरून द्यावे, असे कौटिल्य सांगतो. बोट बुडाली तर दैवाकडे बोट दाखवावयाचे नाही, अधिकाऱ्याकडे दाखवावयाचे, हा सिद्धांत आपल्या देशात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी लिहिला गेला. त्याचा विसर पडल्याचे फळ आम्ही पुन्हापुन्हा भोगले आहे. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट मुंबईच्या अंगणातच बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान नौका येऊन आदळली आणि डझनाहून अधिक जीव गेले. दर वेळी चौकशीची घोषणा होते, जीवरक्षक जाकिटांची चार दिवस सक्ती होते, आणि पाचव्या दिवशी ती जाकिटे पुन्हा बाकाखाली जातात.

येथे आमचे स्नेही म्हणतील की, "तुम्ही ग्रीसकडे पाहा, तेथे खाजगी कंपन्या भाडे घेतात आणि कारभार कसा चोख चालतो!" फार उत्तम. ग्रीसकडेच पाहू, परंतु गच्चीवरून न पाहता कायद्याच्या पुस्तकातून पाहू.

त्या देशातही चोखपणा आपोआप आलेला नाही. ८ डिसेंबर १९६६ रोजी क्रीट बेटावरून पिरेउसकडे येणारे 'हेराक्लिओन' नावाचे जहाज वादळात बुडाले. आतील एक मालमोटार सुटून जहाजाच्या दारावर आदळली, दार उघडले आणि पाणी आत शिरले. दोनशेंहून अधिक माणसे मेली. तेथे प्रकरण केवळ चौकशीवर थांबले नाही. जहाजाच्या मालकास तुरुंगात जावे लागले. तरीही २६ सप्टेंबर २००० रोजी पारोसजवळ 'एक्सप्रेस सामिना' हे जहाज सर्वांस ठाऊक असलेल्या खडकावर आपटले आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. आज वारा ठराविक जोराच्या पलीकडे गेला की बंदराचा अधिकारी जहाज सोडू देत नाही, मग प्रवाशांनी कितीही आरडाओरडा करो. आमच्या मित्राने ज्या वेळापत्रकाचे कौतुक केले, त्याच्यामागे हे सारे मृत्यू उभे आहेत.

आता भाड्याचे पाहू. ज्या बेटांवर वस्ती थोडी आणि उतारू कमी, तेथे कोणती कंपनी नफ्यासाठी जाणार? तेथे ग्रीक सरकार कंपनीस पैसे देऊन जहाज चालवावयास लावते. नाक्सोस आणि आमोर्गोस यांच्या मधल्या इराक्लिया, स्खिनूसा यांसारख्या लहान बेटांना वर्षभर जोडून ठेवणारी नाव केवळ प्रवाशांच्या हौसेवर चालत नाही. ग्रीसच्या राज्यघटनेत २००१ साली अशी सुधारणा झाली की, कायदे करताना आणि कारभार चालविताना बेटांची विशेष परिस्थिती ध्यानात घेणे बंधनकारक ठरले. आणि २०१८ साली त्यांनी जो कायदा केला त्याचे तत्त्व तर आमच्या मते सोन्याच्या अक्षरांनी लिहिण्याजोगे आहे. बेटावरील रहिवाशास समुद्रमार्गे जावयास जो खर्च येतो, तो तितक्याच अंतराच्या जमिनीवरील प्रवासाहून जास्त असेल, तर वरचा फरक सरकार त्यास परत करते. त्याचा अर्थ असा की, बेटावर जन्मास आल्याबद्दल माणसास दंड होता कामा नये. आमचे स्नेही ज्या जहाजात बसून फुकट सेवेचा तिटकारा शिकून आले, त्याच जहाजात त्यांच्या शेजारी बसलेल्या बेटकरी म्हातारीच्या तिकिटाचा काही भाग सरकार भरीत असेल, हे त्यांच्या लक्षात आले नाही. प्रवाशास समुद्राचे पाणी दिसते, राज्यघटना दिसत नाही.

ग्रीक लोकांच्या देवधर्माचाही दाखला देतो, कारण आमच्या वाचकांस तो जवळचा वाटेल. तिनोस नावाच्या बेटावर मेरीमातेचे मोठे क्षेत्र आहे. दर वर्षी १५ ऑगस्टला तेथे हजारो यात्रेकरू जहाजांनी येतात, आणि कित्येक नवस फेडणारे बंदरापासून देवळापर्यंत गुडघ्यांवर रांगत जातात. तेथे यात्रा म्हणजे प्रथम जहाजांची व्यवस्था. बेटावरील क्षेत्राची यात्रा धक्क्यावर सुरू होते, गाभाऱ्यात नव्हे, हे तेथे प्रत्येकास कळते.

आपल्याकडे काय होते? आम्ही आमच्याच घरची गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी एका बेटावरील देवळाच्या उत्सवास आमच्या वृद्ध आत्याबाईंना घेऊन आम्ही उज्जैनहून गेलो होतो. निमंत्रणपत्रिका सुबक होती. अभिषेक किती वाजता, महाप्रसाद किती वाजता, पालखी किती वाजता, सारे मुहूर्तासह छापले होते. देणगीदारांची नावे दोन पृष्ठे होती. शेवटची फेरी किती वाजता सुटते, एवढे मात्र कोठेही नव्हते. पालखी उशिरा निघाली, आम्ही उशिरा उतरलो, आणि धक्क्यावर आलो तेव्हा पलीकडे दिवा लुकलुकत होता व अलीकडे शेदीडशे माणसे उभी होती. बसावयास बाक नव्हते, डोक्यावर छप्पर नव्हते, आणि पावसाची सर आली होती. अखेर एक जादा फेरी आली आणि तिच्यात लोकांनी जी उडी घेतली ती पाहून आत्याबाई आमचा हात धरून म्हणाल्या, "बाळ, देवाचं दर्शन झालं, आता घाई नको. आपण मागच्याने जाऊ." मागची आणखी तासाभराने आली. त्या रात्री काही विपरीत घडले नाही, ही देवाची कृपा. पण दर यात्रेस देवाच्या कृपेवर किती भार टाकावा, याचाही काही विचार हवा.

आता पुलाविषयी. आम्ही पुलाचे वैरी नाही. फेरीतील संध्याकाळ रम्य असते म्हणून दिवाडीकरांनी जन्मभर धक्क्यावर तिष्ठावे, असे म्हणणारे जे नागर रसिक आहेत त्यांचाही आम्हांस तितकाच राग येतो. आपल्या आठ दिवसांच्या सुटीतील शोभेसाठी दुसऱ्याच्या आजारी बापाने रात्री नदीकाठी पडून राहावे, ही रसिकता नव्हे, निष्ठुरता आहे. दिवाडीस पूल असावा की नसावा याविषयी खुद्द दिवाडीत दोन मते आहेत. काहींना पूल म्हणजे सुटका वाटते. काहींना पुलावरून प्रथम जमिनीचे दलाल येतील अशी भीती वाटते. हा निवाडा करण्याचा अधिकार बेटावरील ग्रामसभेचा. फ्रीगंजच्या बैठकीचा नव्हे आणि पणजीच्या कंत्राटदाराचाही नव्हे.

परंतु 'पूल होणारच आहे, मग फेरीकडे कशाला पाहावयाचे,' ही जी कारभाराची युक्ती आहे तिला मात्र आमचा कडवा विरोध आहे. पूल कागदावर असतो तोवर माणसे पाण्यावर असतात. आणि पूल झाल्यावरही पाणी आपला हक्क सोडीत नाही. ५ जुलै १९८६ रोजी पणजीचा मांडवी पूल कोसळला. १९७० साली वाहतुकीस खुला झालेला तो पूल सोळा वर्षेच टिकला. त्यानंतर नवा पूल वाहतुकीस खुला व्हावयास १९९२ साल उजाडले. मधल्या काळात राजधानी आणि उत्तर गोवा यांना कोणी जोडून ठेवले? त्याच सपाट तळाच्या, गंजक्या, 'कालबाह्य' फेरीबोटींनी. जो समाज पूल होताच तारी मोडीत काढतो, त्याने तारीस पूल कोसळण्याच्या दिवशी कोणत्या तोंडाने हाक मारावी?

कायद्याचा आधार विचाराल तर तोही आहे. हिमाचल प्रदेश राज्य विरुद्ध उमेदराम शर्मा या १९८६ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, डोंगरी मुलखातील माणसांस रस्ता उपलब्ध असणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असा निर्णय दिला. राज्याच्या साधनसामग्रीची मर्यादा न्यायालयाने मानली, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तरी तत्त्व ते तत्त्वच. डोंगरकड्यावरील माणसास जो न्याय, तोच पाण्याने वेढलेल्या माणसास का नसावा? आमच्या वकिली बुद्धीस तरी या दोहोंत फरक दिसत नाही.

सरकारकडे आमच्या मागण्या चारच आहेत, आणि त्या रस्त्याच्या मानाने माफक आहेत. पायी उतारूची फेरी कायम मोफत राहावी. रात्री-अपरात्री आजाऱ्यास व बाळंतिणीस नेण्यासाठी बोट व तारी सज्ज राहावेत. किती माणसे घ्यावयाची तो आकडा प्रत्येक बोटीवर मोठ्या अक्षरांत लिहावा आणि यात्रेच्या दिवशीही तो ओलांडू देऊ नये. आणि बोटीची तपासणी कधी झाली व कोणत्या अधिकाऱ्याने केली, हे धक्क्यावर फळ्यावर लावावे, म्हणजे कौटिल्याचा नावध्यक्ष कोण हे उतारूस कळेल. २०२५ च्या जुलैत चोडण-रायबंदर मार्गावर नव्या रो-रो फेरीबोटी सुरू झाल्या, याचे आम्ही स्वागतच करतो. मात्र नवी बोट आली म्हणून जुनी जबाबदारी संपत नाही.

परंतु सर्व भार सरकारवर टाकून आम्ही मोकळे होऊ इच्छीत नाही. हे मासिक देवस्थानांच्या महाजनांच्या, समितीच्या सभासदांच्या आणि दूरदूरच्या कुळाव्यांच्या घरी जाते. त्यांस आमचे हात जोडून सांगणे आहे. महाकालाचे आजचे देवालय अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी उभारले. आपल्याच समाजातील एका पुरुषाने कोकणपट्टीपासून इतक्या दूर येऊन देवकार्य केले, याचा आम्हां उज्जैनकरांस अभिमान आहे. देवकार्यास आपल्या लोकांचा हात कधी आखडला नाही. तर मग कळसास सोन्याचा मुलामा देण्यापूर्वी धक्क्यावर एक निवारा, चार बाके, एक ठळक दिवा आणि पाण्याची सोय करावयास काय हरकत आहे? यात्रेच्या दोन महिने आधी खात्यास पत्र लिहून जादा फेऱ्यांची तारीखवार मागणी करावी. धक्क्यावर रांग लावण्यास देवळाचे स्वयंसेवक ठेवावे. आणि पालखीची वेळ ठरविताना शेवटच्या फेरीची वेळ प्रथम पाहावी.

हे काहींना क्षुद्र वाटेल. आम्हांस वाटत नाही. जो देव भक्तांच्या खांद्यावर बसून रात्री नदी उतरला, त्यास आपल्या भक्ताची नदी उतरताना होणारी आबाळ आवडत असेल, असे आम्ही मानीत नाही.

पुढच्या उत्सवाच्या पत्रिका आता छापखान्यात जाण्याची वेळ आली आहे. आमच्या घरी जी पत्रिका येईल तिच्यात आम्ही प्रथम पालखीची वेळ पाहणार नाही. तिच्या खाली शेवटच्या फेरीची वेळ छापली आहे की नाही, तेवढे पाहू. आणि नसेल तर ती परत पाठवून देऊ.